दीड ते तीन

सात महिने झाले, अक्का डाव्या बाजूनेच जेवत होती. उजवीकडची मागची दाढ किडली होती. गार पाण्याचा घोट गेला की कळ थेट कानापर्यंत जायची. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं होतं, दाढ वाचेल, पण दोनदा यावं लागेल, आणि दर वेळी तासभर तरी खुर्चीत बसावं लागेल. दवाखाना तसा जवळ, पायी बारा मिनिटांवर. अडचण त्या तासाचीच होती. तो अक्काकडे नव्हता.

घरात दोघीच, ती आणि आई. आईचं वय एक्क्याऐंशी, अंगाने ठणठणीत, पण डोकं हळूहळू घर सोडून चाललं होतं. कधी ती अक्काला मुलगी म्हणून ओळखायची, कधी शेजारीण म्हणून, कधी कुणीतरी बाई म्हणून. पाय मात्र स्वस्थ बसत नसत. डोळ्यांआड झाली की दाराकडे चालू पडायची.

तीन भावंडांत थोरली, म्हणून ती सगळ्यांची अक्का. लग्न झालं नव्हतं. तो विषय कुणी मिटवला नव्हता, आपोआपच विझला होता. बावीस वर्षं तिने एका चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काम केलं. काचा घासून, आकाराला आणून फ्रेममध्ये बसवायच्या. पुढच्या काउंटरवर गिऱ्हाइकांशी गोड बोलणारे वेगळे. अक्काची जागा मागे, दिव्याखाली. "अर्धा मिलिमीटर चुकला की गिऱ्हाइकाचं डोकं दुखतं," असं मालक म्हणायचे, आणि अक्काचा अर्धा मिलिमीटर बावीस वर्षांत फारसा चुकला नाही.

मग एकदा आई गॅसवर चहाचं आधण ठेवून फिरायला निघून गेली. महिनाभराने न्हाणीघरात पडली. दोघे भाऊ दूरच्या दोन शहरांत, आपापल्या संसारात. तिघांचं फोनवर बोलणं झालं. बोलले तिघं, पण कोणी काय सोडायचं हे जणू आधीच ठरलं होतं. "तात्पुरतं गं अक्का, एक वर्षभर," मधला म्हणाला. त्या एका वर्षाला आता चार वर्षं झाली होती.

गेल्या वर्षी मधला सुट्टीवर आला तेव्हा तीन कॅमेरे लावून गेला. एक हॉलमध्ये, एक स्वयंपाकघरात, एक आईच्या खोलीत पलंगासमोर. घरातल्या नेटवर चालणारे, बिनतारी. तिकडे भावांच्या फोनवर घर दिसायचं, आणि बटण दाबून बोललं की आवाज इथे भिंतीतून यायचा.

"आता तू सुटलीस बघ," स्टुलावरून उतरता उतरता मधला म्हणाला. "तुला कुठे जायचं असलं तर सांगायचं, आम्ही बघत बसू. दात दाखव, फिरून ये, सिनेमाला जा."

अक्काला ते खरं वाटलं. खोटं का वाटावं? त्यालाही ते खरंच वाटत होतं.

पण नेट टिकेना. पहिल्यांदा ती दवाखान्याला निघाली तेव्हा कोपऱ्यावर पोचते न पोचते तोच फोन. "अक्का, चित्र गेलं! आई दिसत नाहीये. परत फीर." दुसऱ्यांदा जिन्यातच फोन आला. तिसऱ्यांदा तिने चप्पलच घातली नाही. भाऊ बिचारे तिकडून म्हणायचे, "नेटचा भरवसा असता तर काही प्रश्नच नव्हता. तेवढं नेट नीट करून घे ना." जणू नळाची वायसर बदलायची होती.

बाहेर जाता येत नव्हतं ते नव्हतंच, वर भिंत बोलायला लागली. "अक्का, आईच्या अंगावरचं पांघरूण सरकलंय." "अक्का, आईने औषध घेतलं का?" एकदा मधल्या भावजयीचा आवाज: "आईंना जरा खिडकीपाशी बसवा ना, ऊन येतंय." सूचना सगळ्या भल्याच असायच्या, म्हणून तर उलटून बोलता येत नसे. आईला सुरुवातीला वाटलं, भिंतीत कुणीतरी राहायला आलंय. एकदा तिने पाण्याचं भांडं भरून कॅमेऱ्यासमोर धरलं. "किती वेळचे बोलताय," ती म्हणाली, "घसा कोरडा पडला असेल." अक्का हसली, आणि हसताना आपण दिसतोय हे आठवून तोंड मिटलं.

दुपारी मात्र एक गंमत व्हायची. जेवणं झाली, आई आडवी झाली, की थोड्या वेळाने आईच्या खोलीतल्या कॅमेऱ्याचा निळा दिवा लाल व्हायचा. स्वयंपाकघरातलाही. लाल म्हणजे जोडणी तुटली. तिकडे कुणाला काही दिसत नाही, ऐकू येत नाही. तीनच्या सुमाराला तो पुन्हा निळा व्हायचा. अक्काने हे फार आधी हेरलं होतं आणि कुणाला सांगितलं नव्हतं. लाल दिवा दिसला की तिचे खांदे आपसूक खाली यायचे. आईच्या पलंगाशेजारी गार फरशीवर ती उताणी पडायची, केस मोकळे, हातपाय पसरून, तोंड उघडं टाकून. झोप लागायचीच असं नाही. कुणी बघत नाहीये, एवढंच पुरायचं.

मग एका रविवारी मधल्याचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तो म्हणाला, "अक्का, एक विचारू? राग मानू नकोस."

"विचार."

"ॲपमध्ये सगळी नोंद राहते गं. कॅमेरा कधी बंद पडला, कधी सुरू झाला. रोज दीड ते तीन. एक दिवस चुकत नाही. मी काही म्हणत नाही, पण ही म्हणाली, कॅमेऱ्यालासुद्धा दुपारची झोप लागते वाटतं."

मागून भावजयीचं हसणं ऐकू आलं, आणि "अहो, तसं नका सांगू!"

अक्काच्या कानशिलात दाढेची कळ जावी तसं काहीतरी गेलं. "मी बंद करते असं म्हणायचंय तुला?"

"तसं कुठे म्हणालो?"

"मग कसं म्हणालास?"

अक्काने फोन ठेवला. तिने कधी प्लगला हात लावला नव्हता, शपथेवर सांगू शकली असती. पण लाल दिव्याची तिला वाट असायची, हेही तितकंच खरं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. इथे चोरीच झाली नव्हती, तरी चांदणं पडलंच. दिवसभर ती स्वयंपाकघरात भांडी आपटत राहिली आणि संध्याकाळी तिने ठरवलं, हे शोधून काढायचं. नेट असं पक्कं करायचं की पुन्हा कुणाला बोलायला जागा नको. आणि मग दाढेला जायचं. त्यात आपली दुपार जाणार, हे तिला त्याच क्षणी कळलं होतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

धाकट्याने आधीच एक उपाय पाठवला होता: सिग्नल लांबवणारा छोटा डबा, भिंतीतल्या प्लगमध्ये खोचायचा. "आईच्या खोलीत लाव, तिथेच प्रॉब्लेम आहे ना," तो म्हणाला होता. तिने लावला होता. काही फरक पडला नव्हता. आता ती त्याच्यासमोर बसून विचार करू लागली, तेव्हा तिलाच हसू आलं. जिथे सिग्नल पोचतच नाही तिथे बसून हा लांबवणार काय? विहीरच कोरडी, तिथे पंप बसवून पाणी येईल होय?

दुसऱ्या दिवशी तिने चौकटीचा कागद घेतला आणि घराचा नकाशा काढला. मोजपट्टी लावून, पावलं मोजून. घर सरळ लांबट: पुढे हॉल, मग दार, मग अरुंद बोळ, बोळात डावीकडे स्वयंपाकघर, आणि टोकाला आईची खोली. नेटचा डबा हॉलमध्ये, टीव्हीच्या लाकडी कपाटात, अगदी तळाला, वायरींच्या गुंत्यात. फोन हातात धरून ती प्रत्येक चौकटीत उभी राहायची, सिग्नलच्या किती रेघा दिसतात ते बघायची आणि कागदावर आकडा टाकायची. हॉलमध्ये चार, बोळात तीन, स्वयंपाकघरात दोन, आईच्या खोलीत दोन, कधी एक.

आई तिच्यामागे मागे फिरत होती. "काय हरवलंय?"

"काही नाही गं, मोजतेय."

"जागा कमी पडतेय का?"

"हो," अक्का म्हणाली. "कमी पडतेय."

तीन दिवस तिने सकाळी, दुपारी, संध्याकाळी मोजलं. दीडच्या आत सगळे आकडे सारखे. दीडनंतर आईच्या खोलीत शून्य. दुकानातल्या मालकांची एक सवय तिला लागलेली होती: काच बसत नसेल तर काच बघायची नाही, आधी आपला हात बघायचा. म्हणून चौथ्या दिवशी तिने जेवणानंतर आपण काय काय करतो ते एकेक करून लिहून काढलं. ओटा पुसते. आईला न्हाणीघरात नेऊन आणते. आईच्या खोलीचा पडदा ओढते. शाळेच्या गाड्यांचे हॉर्न आईला सोसवत नाहीत म्हणून हॉल आणि बोळ यांमधलं दार लावते, ती तीनला उठली की उघडते.

तिने पेन्सिल खाली ठेवली.

आईच्या खोलीत जाऊन फोन उशीवर ठेवला. दोन रेघा. बोळात येऊन दार लावलं, परत जाऊन बघितलं. रेघ नाही. दार उघडलं. दोन रेघा. लावलं. नाही. साधं लाकडाचं दार एवढं कसं अडवेल, या विचारात ती दारासमोर आली आणि समोर तीच उभी दिसली. दारावर बोळाच्या बाजूने वरपासून खालपर्यंत आरसा होता. वडिलांनी हौसेने बसवून घेतलेला. आरशाच्या पाठीला धातूचा पातळ मुलामा असतो, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. उजेडाला जो परतवतो तो नेटलाही परतवत असणार. दोन भिंती ओलांडून आधीच दमलेला सिग्नल तिथे येऊन माघारी फिरत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

म्हणजे बंद ती स्वतःच करत होती. रोज, न चुकता, आपल्या हाताने. अक्का आरशात स्वतःकडे बघत राहिली. बावन्न वर्षांची बाई, केस एका पिनेत कसेबसे गुंतवलेले, उजवा गाल किंचित सुजलेला. हे तिकडे सांगायचं कसं? "मी नाही, दार," असं?

तिने केबलवाल्याला बोलावलं. हा पन्नाशीचा, पोट सुटलेला, खांद्यावर वायरीचं वेटोळं. तिसरा मजला चढून धापा टाकत आला आणि खुर्चीत बसला. "ताई, महागातला प्लॅन घ्या, स्पीड वाढेल."

"वेग नकोय मला. तुटायला नको, एवढंच." तिने नकाशा त्याच्यापुढे ठेवला.

त्याने तो वाकून बघितला, मग चष्मा लावून बघितला. "हे तुम्ही केलं?"

"कपाटातून डबा बाहेर काढायचा. वर ठेवायचा, मोकळ्यावर. आणि एक वायर हॉलमधून बोळात न्यायची, दाराच्या चौकटीच्या वरून. बोळात दुसरा डबा लावायचा, वायरीवरचा. म्हणजे दार लावलं काय, उघडलं काय, सारखंच."

"आरसाच काढून टाका की."

"आरसा निघाला तरी भिंती आहेतच. आणि काढताना फुटला तर काचा आईच्या पायात जातील."

केबलवाला मान डोलवत कामाला लागला. स्वतःचा फोन उघडून त्याने तिला आणखी एक गोष्ट दाखवली. आजूबाजूच्या अकरा घरांची नेटं तिथे एकावर एक रचल्यासारखी दिसत होती. "बघा, सगळे एकाच बोळातून चाललेत, खांद्याला खांदा घासत. तुम्हाला बाजूच्या वाटेवर टाकतो, तिथे गर्दी नाही." टीव्हीच्या कपाटातला प्लगही त्याने काढून दाखवला, पिन सैल होऊन काळी पडली होती. तो बदलला. वीज गेली तरी दोन तास चालेल अशी छोटी बॅटरी जोडली. वायर चौकटीवरून नेताना अक्का खाली उभी राहून सांगत होती, "अजून थोडं डावीकडे. वाकडी दिसतेय."

"ताई, वायर आहे ही, चष्मा नाही," तो स्टुलावरून म्हणाला. तिने आपल्या जुन्या कामाबद्दल त्याला मघाशीच सांगितलं होतं. चार वर्षांत कुणाला सांगायची वेळ आली नव्हती.

काम संपलं. अक्काने सगळ्या चौकटींत पुन्हा उभं राहून मोजलं. चार, चार, चार, चार. आईच्या खोलीतही चार. दार लावून चार. केबलवाला पायऱ्या उतरून गेला तेव्हा दीड वाजला होता. आई झोपली. कॅमेऱ्याचा दिवा निळा होता; पावणेदोनला निळा, दोनला निळा. अक्का फरशीवर बसली, पण आडवी झाली नाही. पाठ भिंतीला टेकवून, केस बांधलेले ठेवून, हातात पुस्तक धरून, एखाद्या कार्यालयात नंबर यायची वाट बघावी तशी बसून राहिली.

"वा अक्का!" भिंत म्हणाली. धाकटा होता. "काय क्लिअर दिसतंय! तुझ्या हातातल्या पुस्तकाचं नावसुद्धा वाचता येतंय."

संध्याकाळी फोनवर तिने दोघा भावांना दाराची गोष्ट सांगितली. मधला खूप हसला. "म्हणजे तूच बंद करत होतीस की शेवटी!" गमतीतच म्हणाला. अक्काही हसली. कागदाची घडी करून तिने ती ड्रॉवरमध्ये टाकली.

एकतीस दिवस नेट एकदाही तुटलं नाही. भावांना घर बघायची सवय लागली. मधला ऑफिसला जाताना बघायचा, भावजय भाजी चिरताना फोन समोर उभा करून ठेवायची, धाकटा जेवणाच्या सुट्टीत. पूर्वी कुठे चित्र अडकायचं, आवाज तुटायचा. आता अक्काने उसासा टाकला तरी तिकडे ऐकू जायचा. "काय झालं गं?" भिंत विचारायची. "काही नाही," ती सांगायची. न्हाणीघरात ती गरजेपेक्षा जास्त वेळ थांबू लागली. तिथे कॅमेरा नव्हता. नळ सोडून पालथ्या बादलीवर बसायची. मग आईची हाक, किंवा भावाची.

बत्तिसाव्या दिवशी तिघांच्या एकत्र फोनवर तिने सांगितलं, "उद्या चार वाजता दाढेला जातेय. साडेपाचपर्यंत कोण बसतंय?"

मधला म्हणाला, "उद्या माझी मीटिंग आहे."

"परवा?"

"परवाचं बघावं लागेल. अक्का, खरं सांगू, नुसतं कॅमेऱ्यावर सोडणं मला जरा... काही झालं तर इथून आम्ही काय करणार?"

इतके महिने अडचण नेटची होती. आज नेटचं नाव कुणी काढलं नाही.

"मी बसतो," धाकटा मध्येच म्हणाला. "चार ते साडेपाच. मी सुट्टी टाकतो. जा तू."

दुसऱ्या दिवशी तिने गॅसचा कॉक बंद केला, औषधं कुलपात टाकली, आईला खिडकीपाशी बसवलं. "आत्ता येते हं. तोवर धाकटा बोलेल तुझ्याशी." आईने छान मान डोलावली. बाहेर पडून अक्काने दाराला कुलूप लावलं. किल्ली फिरवताना हात थबकला, पण कुलूप न लावून कसं चालेल? पावणेचारला निघाली, चारच्या आत पोचली.

भूल दिली, गाल लाकडासारखा झाला, यंत्राचा सूं सूं आवाज सुरू झाला. पंचवीस मिनिटं झाली असतील. मांडीवर ठेवलेला फोन थरथरला. थांबला. पुन्हा थरथरला. तोंडात नळी, डोळ्यांवर दिवा. सहाव्यांदा थरथरला तेव्हा तिने हात वर केला. डॉक्टरीणबाई थांबल्या.

"अक्का," फोनमधून धाकट्याचा आवाज फाटलेला, "आई दाराशी आहे. दार वाजवतेय. मी किती सांगतोय, ऐकतच नाहीये. मी बोललो की जास्तच घाबरतेय. तू ये गं. लवकर ये."

मागून दुसरा आवाज येत होता, बारीक, पण शब्द न् शब्द स्पष्ट. "उघडा! अहो, कुणीतरी उघडा! मला कोंडून ठेवलंय!"

दाढेत तात्पुरता लगदा भरून घेऊन अक्का पळाली. बारा मिनिटांची वाट तिने सातात कापली. पदर कुठे, पर्स कुठे, अर्धं तोंड बधिर, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळतेय आणि कळत नाहीये. जिना चढताना दुसऱ्या मजल्यापासूनच दारावरच्या थापा ऐकू आल्या. आता त्या हळू झाल्या होत्या. कुलपात किल्ली शिरेना. शिरली.

आई दारापाशीच खाली बसली होती. तळवे लालभडक. केस सुटलेले. वर भिंतीतून धाकटा म्हणत होता, "आली, आई, अक्का आली, आली बघ," आणि आई दोन्ही कान दाबून बसली होती. अक्काला बघून तिने हात पुढे केला.

"बरं झालं आलात, बाई," ती कुजबुजली. "हे लोक मला बाहेर जाऊच देत नाहीत."

अक्का तिच्याशेजारी जमिनीवर बसली. अर्ध्या तोंडाने बोलायला गेली, शब्द वाकडेतिकडे निघाले. "मला पन नाही जाऊ देत, आई," ती म्हणाली. आईने तिच्याकडे बघितलं आणि आपल्या पदराने तिच्या हनुवटीवरची लाळ पुसली.

भिंत गप्प होती. दिवा निळा होता.

संध्याकाळी धाकट्याचा फोन आला, कॅमेऱ्यावरून नाही, साधा. "सव्वीस मिनिटं," तो म्हणाला. "सव्वीस मिनिटं ती ओरडत होती. सगळं दिसत होतं मला अक्का. तिच्या बांगड्या दिसत होत्या. मला काही म्हणजे काही करता आलं नाही." मग थोड्या वेळाने: "तुझं रोज असंच असतं का?"

"रोज दार वाजवत नाही ती," अक्का म्हणाली. तिला आणखी काही सांगता आलं असतं, पण भूल उतरत होती आणि दाढ ठणकायला लागली होती.

पुढच्या आठवड्यात धाकटा आला आणि नऊ दिवस राहिला. पहिल्या दोन दिवसांतच त्याच्या नाकी नऊ आले. आई त्याला ओळखत नव्हती. त्याने भरवलेला घास तिने थुंकला, त्याने धरलेला हात झिडकारला. अक्काने त्या नऊ दिवसांत दाढ पुरी करून घेतली. जाण्याआधी त्याने आजारी माणसांकडे बघणारी एक बाई ठरवली. आठवड्यातून तीन दुपारी, चार-चार तास. मधला फोनवर म्हणाला, "आता नेट एवढं चांगलं झालंय, तर बाई कशाला?"

"तू एकदा दुपारी दीड तास बसून बघ," धाकटा म्हणाला. "नुसतं बघ. मग आपण बोलू." मधला बसला की नाही ते कळलं नाही. पण तो पुन्हा तसं बोलला नाही. स्वयंपाकघरातला कॅमेरा धाकट्याने स्वतः काढला आणि आपल्या बॅगेत भरून नेला. बाकीचे दोन राहिले.

बाई चाळिशीची, आडव्या अंगाची, कमी बोलणारी. आईला ती पहिल्या दिवशी "वन्सं" वाटली आणि दोघींचं छान जमलं. "जा तुम्ही," ती अक्काला म्हणाली. अक्का चप्पल घालून खाली उतरली, फाटकाबाहेर आली आणि तिला कळेना, जायचं कुठे. चार वर्षांत रस्ता जणू दुसऱ्याच कुणाचा झाला होता. समोरच्या थांब्यावर एक बाक होतं. ती तिथे जाऊन बसली. एक बस आली, गेली. दुसरी आली. तिने पर्समधून फोन काढला आणि ॲप उघडलं.

आईची खोली समोर आली, लख्ख. चित्र अडखळत नव्हतं, आवाज तुटत नव्हता. बाई आईच्या हातात चहाचा कप देत होती. उजव्या हातात. अक्काने बटण दाबलं. "डाव्या हातात द्या, उजवा थरथरतो तिचा."

पडद्यावर बाई दचकली. कपातला चहा बशीत सांडला. तिने मान वर करून भिंतीकडे बघितलं, आणि आईनेही, दोघींनी एकाच वेळी.

संध्याकाळी अक्का परतली तेव्हा बाई पिशवी काखेत मारून दारात उभी होती. "ताई, एक बोलू? बाहेर गेलात की बाहेर राहा. तुम्ही तिकडून बघणार असाल तर मला कशाला ठेवलंय? आणि हो, कप डाव्या हातात द्यायचा, आलं माझ्या ध्यानात."

"चुकलंच माझं," अक्का म्हणाली.

पुढच्या खेपेला तिने फोन पर्समध्ये तळाशी टाकला, चेन लावली आणि पर्स मांडीखाली दाबून बसली. वीस मिनिटं टिकली. त्याच्या पुढच्या खेपेला बस आल्यावर ती उठून उभी राहिली, एक पाय पायरीवर ठेवला, कंडक्टरने विचारलं, "कुठे जायचं?" तिला सांगता आलं नाही, पण पाय मात्र तिने काढून घेतला नाही. "शेवटपर्यंत द्या," ती म्हणाली, आणि आत जाऊन खिडकीशी बसली. चौथ्या थांब्याला तिने चेन उघडली. आई झोपली होती. बाई पलंगाशी बसून नखं कापत होती. अक्काने एवढंच बघितलं, काही बोलली नाही, आणि पाचव्या थांब्याला उतरून परतीची बस बघायला रस्ता ओलांडला.